खुलासा नसलेलं पान

पत्रकाची पहिली ओळ ठोकून लिहायची असते. वाचणारा उभा असतो, हातात पिशवी असते, एसटी फलाटाला लागत असते – तेवढ्यात त्याला धरला नाही, तर आपला कागद संध्याकाळी भेळेखाली जातो. हे मी गटात येणाऱ्या नव्या पोरापोरींना शिकवते. आणि आज मलाच पहिली ओळ सापडत नाही.

म्हणून आहे तसं लिहिते. यातलं काहीही मी आजवर कुणापुढं बोललेली नाही. आईपुढं नाही, गटात नाही, आणि लग्नाआधी ज्याला ‘माझं सगळं सांगून टाकलंय’ म्हणाले, त्या माणसापुढंही नाही. तुमच्यापुढं बोलतेय, कारण तुमची-माझी गाठ पडायची नाही. यात शौर्य काही नाही, हे मला कळतं.

कुठून सुरुवात करू? खेळापासून करते. खेळ चांगला होता, एवढं मला आधी सांगू द्या – बघा, सुरुवातच बचावानं झाली.

नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं. साताऱ्यात आमचा एक लहानसा गट होता. अंगात येणं, करणी, उतारे, भुताखेतांच्या नावावर चालणारी लूट, याविरुद्ध आम्ही बोलायचो. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पत्रकं माझ्याकडं. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईलच्या शाईनं हात काळे करायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटत फिरायचं. ‘जवाब द्या!’ ‘लाज वाटते का?’ ‘किती दिवस डोळे मिटून बसणार?’ माझ्या मजकुरात उद्गारचिन्हं इतकी असायची, की आमचे सर – विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गटातले वडीलधारे – म्हणायचे, “वैशाली, हे पत्रक आहे की कुंपण?”

एकदा वाईला घाटावर एका माणसानं माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. नीट घडी घालून खिशात ठेवलं. मला वाटलं, जिंकलं. तो म्हणाला, “ताई, सगळं पटलं. पण त्यापरीस भुताचीच एखादी सांगा की.”

मी चिडले. फार चिडले. पण येताना एसटीत तेच डोक्यात राहिलं. लोकांना भूत नाही हे ऐकायचं नसतं, भुताची गोष्ट ऐकायची असते. मग गोष्ट त्यांनाच सांगू दे! आणि शेवटी त्यांच्याच हातानं त्या भुताचा फुगा फुटू दे.

असा तो पत्त्यांचा खेळ सुरू झाला. नाव ठेवलं ‘भूत कुणाचं?’. पानं तीन तऱ्हेची. जागेची पानं – पडकी विहीर, उसाचा फड, शेवटची गाडी गेलेला एसटीचा थांबा. माणसांची पानं – नवी सून, सुट्टीवर आलेला फौजी, शाळा चुकवलेला पोरगा. आणि भुताची. पानं पिसायची, वाटायची, एकानं पान टाकून गोष्ट सुरू करायची, पुढच्यानं आपल्या पानानं ती ओढायची. भुताच्या प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरांत खुलासा छापलेला. फडातून येणारं रडणं – कोल्ह्याची पिल्लं. छातीवर बसणारं भूत – जाग आली तरी शरीर अजून झोपेत असतं. बांधावरची पांढरी बाई – वाळत टाकलेलं धोतर. पान टाकणाऱ्यानं त्या खुलाशावर अंगठा दाबून धरायचा. गोष्ट टोकाला गेली की बाकीच्यांनी एकसुरात ओरडायचं – “अंगठा उचल!” मग अंगठा उचलायचा, खुलासा मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांनी हसायचं, डाव संपला.

अंगठ्याची कल्पना माझी. मला तिचा फार अभिमान होता.

चित्रं सांगलीच्या दिनूची. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि आमच्या गटाचे फलकही करून द्यायचा. त्यानं पत्त्यांचा पहिला कॅट हातानं रंगवला आणि तो पिशवीत घालून मी गावोगाव निघाले. लोकांना खेळायला बसवायचं, आणि खेळून झालं की विचारायचं – कुठं भीती वाटली? कुठं कंटाळा आला? कुठलं पान काढून टाकू? हात वर करून सांगा. लोकांचं मत घेतल्याशिवाय काही छापायचं नाही, हा आमचा बाणा. वरून उपदेश करणारे आम्ही नव्हतो ना!

मत काय आलं? वाईला एका घरी आजोबा म्हणाले, “बोधप्रद आहे,” आणि नातवंडं उठून कॅरमकडं गेली. मिरजेला दवाखान्यातल्या नर्सबाई तर पान बघूनच हसायला लागल्या. “आमच्या मेट्रनबाईचं पान घाला, मग भिऊ,” म्हणाल्या. भुताच्या पानावर दिनूनं नेहमीची बाई काढली होती – मोकळे केस, उलटे पाय. तिला कुणीही भीत नव्हतं. भीती नाही तर खुलाशाला अर्थ काय? फुगाच भरला नाही तर फोडायचं काय?

मग मी उंब्रजला गेले. तिथं माझी मावशी दिलेली. उसाचं रान, घरात दोघंजण फौजेत, सोपा मोठा. दुपारच्या वेळी रानात खुरप्यानं भांगलण करून आलेल्या चार बायका मावशीनं बोलावल्या. त्यात हौसाक्का होती.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं.

हौसाक्का मावशीच्या भावकीतली. घर मावशीच्या मागच्या अंगाला. मी लहानपणी मेच्या सुट्टीत जायची तेव्हा माझी वेणी तीच घालायची. इतकी ताणून घालायची की माझे डोळे ओढले जायचे, आणि मग म्हणायची, “आता बघ, झालीस माज्यासारकी.” तिच्या तोंडाची डावी बाजू भाजलेली होती. उसाची तोड झाल्यावर रानात पाचट पेटवताना वारा फिरला होता. तेव्हा ती नुकतीच नांदायला आलेली. मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. गाल आकसला, पापणीची कातडी ओढली गेली, आणि तो डोळा मिटेना. झोपेतही उघडाच. नवरा फौजेत होता. तो नंतर सुट्टीवर यायचा, तो थोरल्या भावाकडं उतरायचा. ती पदराचं टोक डाव्या गालावर धरून बोलायची, अंगठा आणि दोन बोटांत.

वर्षभरापूर्वी तिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेतलं होतं. सुकडी शिजवायची, पोरांना वाढायची. सुरुवातीला पोरं तिला बघून रडायची. मग तिनं काय करावं? आधी ती पोरांकडं पाठ करून चुलीपाशी बसली. नुसता आवाज. गाणी म्हणायची, कोंबडा ओरडून दाखवायची. मग काही दिवसांनी उजवी बाजू करून बसली. मग कधीतरी पदर न धरता समोर. एक अख्खा पावसाळा तिनं असं वळण्यात घालवला. मी गेले तेव्हा पोरं तिच्या मांडीवर चढून तो डोळा बोटानं मिटवायचा प्रयत्न करायची. मिटला नाही की खिदळायची. ती मला सांगत होती – “वैशे, आता मी पोरांची आज्जी झाले बघ. आजून काय पायजे?”

हे सगळं मला माहीत होतं. छापायच्या आधी माहीत होतं. नंतर कळलं असं नाही.

त्या दुपारी तिच्याइतकं कुणी खेळलं नाही. वाचता येत नव्हतं तिला, पण पानावरचं चित्र बघून अशी गोष्ट ओढायची की बाकीच्या बायका हातातली पानं विसरायच्या. खुलाशाची वेळ आली की पान माझ्यापुढं धरायची – “वाच गं, काय लिवलंय?” आणि ऐकून सगळ्यांत आधी हसायची. डाव संपल्यावर मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. कुठं भीती वाटली? एकही हात वर नाही. हौसाक्का म्हणाली, “आगं, तुज्या भुताला तोंडच न्हाई. पाय उलटं, केस मोकळं, आन तोंड? लोकं पायाला भेत न्हाईत बाई. तोंडाला भेत्यात.”

“मग कसलं तोंड काढू?” मी विचारलं.

ती पदर बाजूला करून हसली. “माजं काड की. फुकट हाय!”

मावशीनं तिला चापट मारली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

ते वाक्य मी आजवर सांभाळून ठेवलंय. कधी कुणी विचारलंच, तर तोंडावर फेकायला – तिनंच म्हटलं होतं! चार जणींच्या साक्षीनं! पण ती चेष्टा होती. दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, अशी तिची जन्माची सवय होती. मला ती सवय वेणी घालून घ्यायच्या वयापासून ठाऊक होती.

निघताना मी मावशीच्या ट्रंकेतून एका लग्नाचा फोटो मागून घेतला. ‘आईला दाखवते’ म्हणाले. त्यात कडेला हौसाक्का उभी होती, पदर सुटलेला.

सांगलीला दिनूपुढं फोटो ठेवला आणि बाकीच्यांची तोंडं हातानं झाकली. म्हणाले, हिच्यासारखं काढ. त्यानं वाकून फोटो बघितला. “खरी बाई हाय काय गं ही?”

“नाही. माझ्या मनातली आहे.”

“मनातल्या बाईचा फोटो आसतोय व्हय?” तो म्हणाला. पण काढलं त्यानं. पहिलं मला मवाळ वाटलं. मी म्हणाले, डोळा अजून उघड. गाल अजून ओढ. दुसऱ्यांदाही नको म्हणाले. तिसऱ्यांदा मलाच ते पान हातात धरवेना, तेव्हा म्हणाले – हां, हे.

“खाली खुलासा काय घालू?” त्यानं विचारलं.

“नंतर सांगते.”

नंतर का? काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं का? होतं. पण ते लिहिलं असतं तर पान तिथंच संपलं असतं. भाजलेली बाई. त्यात कसली भीती, आणि कसला खेळ? आणि लिहायला बसलं की ती कोण ते लिहावं लागलं असतं, मनातल्या मनात तरी.

दुसऱ्याच दिवशी सांगलीतच मुलींच्या एका वसतिगृहात खेळ ठेवला होता. रविवार, दुपारची जेवणं झालेली, खिडकीतून ऊन येतंय, गाद्यांवर बसून मुली खेळतायत. एकीनं ते पान टाकलं. हसणं थांबलं. गोष्ट चढत गेली, कुणीतरी कुजबुजल्यासारखं म्हणालं, “अंगठा उचल.” तिनं उचलला. खाली काहीच नाही. नुसतं पांढरं.

तुम्ही कधी एखादी खोली एकदम गप्प होताना ऐकली आहे? मी ऐकली. आणि त्या क्षणी मला काय झालं सांगू? आनंद झाला. अंगावर काटा आला तो आनंदाचा. एक मुलगी म्हणाली, “अगं, हिचा खुलासा?” मी तोंड उघडलं. आणि मिटलं. पुढं कुणीही एकटी पाणी प्यायला उठली नाही, जोडीनं गेल्या. कुठं भीती वाटली विचारलं, तर सगळे हात वर. कुठलं पान काढू? “कुठलंही काढा, पण हे ठेवा. आणि खाली काही लिहू नका हं!”

लोकांचं मत! आम्ही लोकांचं मत घेत होतो.

साताऱ्यात बैठकीला सरांनी पानं एकेक करून बघितली. त्या पानाशी थांबले. “याचा खुलासा कुठं आहे, वैशाली?” मी म्हणाले – आणि हे मी आधीपासून घोकून गेले होते – “सर, प्रत्येक वेळी उत्तर आपणच का द्यायचं? एक तरी पान लोकांनी स्वतः सोडवावं. विचार करायला लावणं, हेच तर आपलं काम.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली. सर म्हणाले, “हे मला सुचलं नसतं.”

सरांना ते सुचलं नसतं, हे मात्र खरं होतं.

खेळ छापला. चालला. शाळांत, तरुण मंडळांत, लग्नघरी. कुठंही जावं तर तेच – ताई, ते डोळ्याच्या बाईचं पान लय भारी! मी उंब्रजलाही काही कॅट पाठवले होते. पाठवताना ते पान काढून ठेवावं, एवढं तरी मनात यावं की नाही? आलं होतं. मी म्हटलं, खेळ अपुरा होईल.

पुढच्या खेपेला उंब्रजला गेले ती खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेले. आणि मावशीनं कौतुकच केलं. चहा गाळता गाळता हसत हसत सांगत होती. गावात पोरांना खेळाचं नुसतं वेड लागलंय. थोरली पोरं खेळतात आणि धाकटी कडेला बसून बघतात. “आन मग काय झालं ऐक की,” मावशी म्हणाली. “हौसी सुकडी वाडत व्हती. सवयीनं पदर धरला आसंल गालावर. तर एक कारटं वराडलं, आंगठा उचल! मग समदीच वराडाय लागली. हिला वाटलं, पोरं खेळत्यात. हिनं हसत हसत पदर काढला की गं – आन पोरं जी किंचाळत सुटली! ताटल्या टाकून! घरापत्तुर!”

मावशी हसत होती. मावशी वाईट बाई नाही. तिला ते पोरांचं येडेपण वाटलं.

माझ्या हातात चहाची बशी होती. ती मी खाली ठेवली नाही. चहा प्यायले. पूर्ण.

तेवढ्यात हौसाक्काच आली. मी आल्याचं तिला कळलं होतं. तिनं कनवटीतून ते पान काढून माझ्यापुढं ठेवलं. घामानं मऊ झालेलं.

“वैशे, ही मीच नव्हं?”

मी रिकामी बशी बोटानं पुसत राहिले.

“मी म्हनले व्हते, म्हनून काडलंस व्हय?” ती हसली. खरंच हसली. “काडलंस ते काडलंस. बेस काडलंया. पर पोरं माज्या हातचं खाईनात गं. आया म्हनत्यात, हिला हितनं काडा, पोरं झोपंत दचकत्यात.” मग तिनं पानाच्या तळाला बोट लावलं. “मी म्हनलं, वैशीनं खाली लिवलं आसंलच की. समद्या पानांखाली लिवलंय तसं. मी भाजलीया म्हनून. पोरं कुठं वाचत्यात! तू वाचून दाव, म्हंजी मला सांगाय येईल.”

आता ते.

मी पान उचललं. पांढऱ्या जागेकडं बघितलं. आणि वाचलं.

हो – वाचलं. जे नव्हतं ते वाचलं. ‘ही बाई भूत नाही. उसाचं पाचट पेटवताना वारा फिरला आणि तिचं तोंड भाजलं. पापणीची कातडी ओढली गेल्यामुळं हिचा डोळा मिटत नाही. हिला कुणी भिऊ नये.’ पत्रक वाचते तशा ठोक आवाजात. अंगठा त्या कोऱ्या जागेवरून डावीकडून उजवीकडं फिरवत, ओळीवरून फिरवावा तसा. दरवाजाकडून उजेड येत होता. तिचा तो न मिटणारा डोळा माझ्या अंगठ्यावर होता.

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं. शब्द तेच यायला हवे होते, म्हणून सावकाश वाचलं. ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पाठ करत होती.

“बास,” ती म्हणाली. “मग काय! लिवलंय की. तुजा काय दोस न्हाई.” माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पान परत कनवटीला लावलं आणि गेली.

मी तिला हाक मारली का? नाही. तिचं घर मागच्याच अंगाला होतं. मी साताऱ्याची गाडी धरली.

पुढचं मावशीनं सांगितलं, तेव्हा ती हसत नव्हती. अंगणवाडीत आयांना बोलावलं होतं. हौसाक्का सगळ्यांपुढं उभी राहिली, पान काढलं, तळाला अंगठा लावला आणि मी शिकवलं तसं घडाघडा म्हटलं – ही बाई भूत न्हाई, पाचट पेटवताना वारा फिरला... शेवटापर्यंत, एक शब्द न चुकता. मग पान सेविकाबाईंच्या हातात दिलं – बघा, छापलंय. बाईंनी बघितलं. उलटून बघितलं. “हौसाक्का, इथं तर काहीच नाही.”

एक बाई फिसकन हसली. मग बऱ्याच.

हौसाक्का म्हणाली, “ह्या पानावर छापायचं ऱ्हायलं आसंल. दुसऱ्या कॅटात आसंल. वैशीनं माज्या म्होरं वाचलंय.” कुणीतरी म्हणालं, “तिनं वाचलं आन तू ऐकलंस!” पण ती हटली नाही. वैशी खोटं बोलायची न्हाई, ती मोर्च्यात असती, म्हणाली.

त्यानंतर तिला आत भांडी घासायला बसवलं. पोरांसमोर यायचं नाही. पुन्हा पाठ करून. काही दिवसांनी ती जायची बंद झाली. आता दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जाते, पदर दातात धरून, कारण हातात खुरपं असतं.

तुम्ही म्हणाल, निदान पुढच्या छपाईत तरी? दिनूनं विचारलं होतं. “त्या बाईखाली काय घालायचं का आता?” चार ओळी. मला पाठ होत्या, हौसाक्कालाही होत्या. पण नव्या कॅटात खुलासा आला असता, तर उंब्रजमध्ये कुणीतरी जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवलं असतं. मग हौसाक्का खरं सांगत होती आणि मी त्या दिवशी कोऱ्या पानावरून वाचलं होतं, ते उघडं पडलं असतं. म्हणून मी दिनूला म्हणाले – “आहे तसं राहू दे. लोकांना आवडतंय.”

त्याच हंगामात मी एक पत्रक लिहिलं. दुसऱ्या एका गावात एका विधवेला करणी करणारी ठरवून वाळीत टाकलं होतं, त्यावर. ‘एका जित्याजागत्या बाईला भूत ठरवणाऱ्यांनो, आरशात बघा!’ माझं सगळ्यांत गाजलेलं पत्रक ते. सरांनी एकही उद्गारचिन्ह खोडलं नाही. ते लिहिताना माझा राग खरा होता. अगदी खरा. हेच मला अजून समजत नाही, आणि समजलं तरी त्यानं काही बदलत नाही.

आजही सांगलीला जाताना गाडी उंब्रजच्या स्टँडवर थांबते. मी गावाच्या बाजूच्या खिडकीत बसत नाही. मावशी सांगते, हौसाक्का अजून माझी चौकशी करते. ते पान अजून तिच्याकडं आहे. कुणी चेष्टा केली, की अजूनही म्हणते – छापायचं ऱ्हायलं आसंल.

छापायचं राहिलं नव्हतं. मी राहू दिलं होतं. तोंड तिचं होतं, फोटो मी नेला होता, डोळा अजून उघड असं मी सांगितलं होतं, आणि कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवून तिला खोटं वाचून दाखवलं ते मी.

हे मी उंब्रजला जाऊन बोललेली नाही. इथं लिहिलंय. हौसाक्काला वाचता येत नाही – आणि हे मला लिहायला बसायच्या आधीपासून माहीत होतं.